विद्युत मोटारीची वाट आणि तेलाचे हितसंबंध

एका गॅलन पेट्रोलमध्ये दोनशे मैल धावणारी मोटार फार पूर्वीच तयार झाली होती, परंतु तेलकंपन्यांनी तो शोध विकत घेऊन तिजोरीत बंद केला, अशी एक कथा जगभर सांगितली जाते. तिचे मूळ १९३०च्या दशकात सापडते. कॅनडातील चार्ल्स नेल्सन पोग या संशोधकाने तयार केलेल्या कार्ब्युरेटरविषयी त्या काळी असेच दावे केले गेले होते. पुढे हा कार्ब्युरेटर बाजारात आला नाही आणि त्याच्या नाहीसे होण्याचे खापर तेल उद्योगावर फोडले गेले. आपल्याकडे अधूनमधून प्रसिद्ध होणाऱ्या ‘पाण्यावर चालणाऱ्या गाडी’च्या बातम्याही याच जातकुळीच्या.

विज्ञानाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. पेट्रोलच्या साध्या इंजिनात इंधनातील ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्सा चाकांना फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने रेडिएटरमधून आणि धुराड्यातून निघून जाते. हे नुकसान उष्णतेच्या इंजिनाच्या मूळ नियमांमुळे होते. कार्ब्युरेटरचे काम केवळ हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करण्याचे असते. नीट जुळवलेल्या इंजिनात बहुतेक सारे पेट्रोल जळतच असते. त्यामुळे कार्ब्युरेटर कितीही उत्तम केला, तरी बचत थोड्या टक्क्यांचीच होणार. न जळालेले पेट्रोलच शिल्लक नसेल, तर त्यातून चमत्कार घडायचा कसा?

परंतु दंतकथा खोटी ठरली म्हणून तेल उद्योग या प्रश्नात तटस्थ होता, असा निष्कर्ष निघत नाही. कमी इंधन पिणाऱ्या आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या विकासावर तेल उद्योगाचा प्रभाव पडला, याचे पुरावे न्यायालयीन कागदपत्रांत, कंपन्यांमधील करारांत आणि सरकारी नियमांच्या इतिहासात उघडपणे नोंदलेले आहेत. हा प्रभाव कसा पडला हे समजून घ्यायचे, तर अमेरिकेतील गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

तेलकंपनीच्या प्रयोगशाळेतील लिथियम

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांतच बारा डॉलरच्या घरात गेला. पेट्रोल पंपांवर मैलभर रांगा लागल्या. मात्र तेलाचे दिवस कायमचे नसतात, ही जाणीव मोठ्या तेलकंपन्यांना या संकटाच्या थोडी आधीच झाली होती. एक्झॉन या कंपनीने तेलाला पर्याय शोधण्यासाठी आपल्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ नेमण्यास सुरुवात केली होती. १९७२ साली तेथे रुजू झालेल्या स्टॅनली व्हिटिंगहॅम या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाच्या हातून आजच्या लिथियम बॅटरीचा पाया घातला गेला.

व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड या पदार्थाची निवड केली. त्याची रचना कागदांच्या चळतीसारखी थरांची असते. लिथियमचे विद्युतभारित कण या थरांमध्ये शिरू शकतात आणि थरांना फारसा धक्का न लावता बाहेरही पडू शकतात. बॅटरी पुन्हा पुन्हा भारित करता येण्याचे रहस्य या ये-जा करण्यात आहे. सामान्य तापमानाला काम करणारी आणि दोन व्होल्टपेक्षा अधिक दाब देणारी ही बॅटरी त्या काळी विलक्षण होती. १९७६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि १९७७मध्ये शिकागो येथील विद्युत वाहनांच्या प्रदर्शनात एक्झॉनने ती मांडली. तिच्यात एक गंभीर दोष होता. वारंवार भारित केल्यावर लिथियम धातूवर सुईसारखे तंतू वाढत आणि ते दुसऱ्या अग्राला टेकले की बॅटरी पेट घेत असे. हा दोष घालवण्याचे प्रयत्न चालू होते.

याच सुमारास एक्झॉनने आणखी मोठे पाऊल टाकले. विजेच्या मोटरची गती नियंत्रित करून वीज वाचवणारे उपकरण मोठ्या प्रमाणावर तयार करता यावे, यासाठी १९७९ साली तिने रिलायन्स इलेक्ट्रिक ही अमेरिकी कंपनी सुमारे १.२ अब्ज डॉलरना विकत घेतली. पण दोनच वर्षांत ते उपकरण परवडण्याजोगे नसल्याचे दिसून आले आणि तो बेत सोडून देण्यात आला. १९८०च्या दशकाच्या आरंभी तेलाचे भाव उतरू लागले, तेव्हा लिथियम बॅटरीचे कामही एक्झॉनने थांबवले. १९८६ साली तर कच्चे तेल पिंपामागे दहा डॉलरच्या आसपास घसरले. विद्युत मोटारीची चर्चा अमेरिकेत जवळपास बंद झाली.

या प्रकरणात शोध दडपला गेला नाही, कारण तो जगापुढे प्रसिद्ध झालेला होता. ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी १९८० साली कोबाल्ट ऑक्साइड वापरून बॅटरीचा दाब वाढवला. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५मध्ये शुद्ध लिथियम धातूऐवजी कार्बनी पदार्थ वापरून ती सुरक्षित केली. १९९१ साली सोनी कंपनीने ती बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र अमेरिकेतील एका धनाढ्य कंपनीकडे असलेली आघाडी तिने स्वतःहून सोडून दिली. ज्या संस्थेचे उत्पन्न तेलावर अवलंबून असते, तिच्या दृष्टीने पर्यायाचे मूल्य तेलाचा भाव ठरवतो. भाव चढला की प्रयोगशाळेचे दार उघडते आणि भाव पडला की ते मिटते. बॅटरीसारख्या तंत्रज्ञानाला मात्र वीस-तीस वर्षांचे सातत्य लागते.

कॅलिफोर्नियाचा नियम

विद्युत मोटारीला दुसरी संधी मिळाली ती धुराच्या प्रश्नामुळे. लॉस एंजेलिसची हवा अमेरिकेतील सर्वांत दूषित हवांपैकी एक होती. जनरल मोटर्सने जानेवारी १९९०मध्ये ‘इम्पॅक्ट’ ही विजेवर चालणारी नमुना-मोटार लोकांसमोर आणली. अशी मोटार बनवता येते, हे पाहून कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक धाडसी नियम केला. मोठ्या मोटार कंपन्यांनी त्या राज्यात विकलेल्या गाड्यांपैकी १९९८ साली दोन टक्के, २००१ साली पाच टक्के आणि २००३ साली दहा टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असाव्यात, असे बंधन घातले गेले.

या नियमाला मोटार कंपन्यांनी विरोध केला, त्याचप्रमाणे तेल उद्योगानेही केला. वीज कंपन्यांनी चार्जिंगच्या सोयी उभारून त्यांचा खर्च वीज ग्राहकांकडून वसूल करावा, असा प्रस्ताव त्या काळी राज्यापुढे होता. त्याविरुद्ध ‘कॅलिफोर्नियन्स अगेन्स्ट युटिलिटी कंपनी अब्यूज’ या नावाची एक आघाडी उभी राहिली. नावावरून ती सामान्य वीज ग्राहकांची चळवळ वाटे, परंतु तिला पैसा पुरवत होती ती पश्चिमेकडील तेलकंपन्यांची संघटना, ‘वेस्टर्न स्टेट्स पेट्रोलियम असोसिएशन’. तिचा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नव्हता. ज्यांच्याकडे विद्युत मोटार नाही त्यांनी तिच्या सोयीचा खर्च का सोसावा, हा प्रश्न आजही रास्त आहे. परंतु तो विचारणाऱ्याचा स्वतःचा व्यापार त्यात गुंतलेला असताना तो ग्राहकांच्या मुखवट्याआडून विचारला गेला, ही बाब गंभीर होती. मार्च १९९६मध्ये मंडळाने सुरुवातीच्या वर्षांची बंधने काढून टाकली आणि केवळ २००३चे दहा टक्क्यांचे उद्दिष्ट कायम ठेवले.

त्याच वर्षअखेरीस जनरल मोटर्सची ‘ईव्ही-वन’ रस्त्यावर आली. ती विकली जात नसे, भाडेकरारावर दिली जाई. एकूण १,११७ गाड्या तयार झाल्या. पुढे कंपनीने सर्व गाड्या परत घेतल्या आणि काही संग्रहालयांना दिलेल्या सोडल्या तर बहुतेक मोडीत काढल्या. चालकांनी त्या विकत मागितल्या असतानाही तसे घडले, म्हणून ‘हू किल्ड दि इलेक्ट्रिक कार?’ हा माहितीपट २००६ साली निघाला. या गाडीच्या अंताची जबाबदारी एकट्या तेल उद्योगावर टाकता येत नाही. मोटार कंपन्यांनी नियमाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती, केंद्रातील बुश सरकारने त्यांना पाठिंबा दिला आणि गाडी महाग होती. पण या सर्व कारणांच्या मुळाशी असलेल्या बॅटरीच्या प्रश्नात तेलकंपनीचा थेट हात होता.

पेटंटचा प्रवास

ईव्ही-वनच्या पहिल्या गाड्यांत जुनी शिसे-आम्ल बॅटरी होती. तिच्यावर गाडी एका भारात जेमतेम शंभर किलोमीटरच्या आसपास जाई. १९९९पासून तिच्या जागी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मिळू लागली, तेव्हा हेच अंतर दीडशे ते दोनशे किलोमीटरपर्यंत वाढले. ही बॅटरी मिशिगनमधील स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांच्या ‘एनर्जी कन्व्हर्जन डिव्हायसेस’ या कंपनीने विकसित केली होती. औपचारिक महाविद्यालयीन शिक्षण नसलेला हा संशोधक विसाव्या शतकातील विलक्षण व्यक्तींपैकी एक मानला जातो. १९९४ साली त्यांच्या कंपनीने जनरल मोटर्सशी भागीदारी करून मोटारींसाठी या बॅटऱ्या बनवण्याचे ठरवले.

ऑक्टोबर २०००मध्ये जनरल मोटर्सने या भागीदारीतील आपला हिस्सा टेक्साको या तेलकंपनीला विकण्याचा करार केला. त्यानंतर काही दिवसांतच शेवरॉनने टेक्साको ताब्यात घेत असल्याची घोषणा झाली आणि २००१ साली ते विलीनीकरण पूर्ण झाले. अशा रीतीने मोटारीसाठी त्या काळी सर्वांत योग्य असलेल्या बॅटरीच्या पेटंटवर एका बलाढ्य तेलकंपनीचे नियंत्रण आले. भागीदारीचे नाव पुढे ‘कोबासिस’ झाले.

जपानच्या टोयोटा आणि पॅनासॉनिक यांची संयुक्त कंपनीही याच प्रकारच्या मोठ्या बॅटऱ्या बनवत होती. त्यांवर टोयोटाची ‘रॅव्ह-फोर’ ही विद्युत गाडी कॅलिफोर्नियात धावत होती. २००१मध्ये या जपानी कंपन्यांवर पेटंटभंगाचा दावा दाखल झाला. जुलै २००४मध्ये तडजोड झाली. जपानी पक्षाने तीन कोटी डॉलर दिले आणि विशिष्ट प्रकारच्या बॅटऱ्या वाहनांसाठी उत्तर अमेरिकेत २०१०च्या मध्यापर्यंत विकायच्या नाहीत, असे ठरले. हायब्रिड मोटारींच्या लहान बॅटऱ्यांचा मार्ग खुला राहिला, त्यामुळे टोयोटाची ‘प्रियस’ विकली जात राहिली. केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारीला लागणारी मोठी बॅटरी मात्र दुर्मीळ झाली. कोबासिस लहान मागण्या स्वीकारत नाही, अशी तक्रार विद्युत मोटारींचे पुरस्कर्ते वारंवार करीत.

शेवरॉनने ही पेटंट मुद्दाम दाबून ठेवण्यासाठीच घेतली, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. मोठ्या बॅटरीला तेव्हा ग्राहकच थोडे होते, हा युक्तिवादही खरा आहे. तरीही हेतूपेक्षा परिणाम अधिक बोलका आहे. ज्याचा मुख्य धंदा पेट्रोल विकण्याचा, त्याच्याकडे पेट्रोलला पर्याय ठरणाऱ्या वस्तूची किल्ली असेल, तर ती वस्तू बाजारात आणण्याची घाई त्याला असण्याचे कारण नाही. पेटंट कायद्यात धारकाने शोध वापरलाच पाहिजे, अशी सक्ती अमेरिकेत नाही. त्यामुळे कोणताही कायदा न मोडता एक वाट अनेक वर्षे अरुंद ठेवता येते.

ही वाट अखेर वळसा घालूनच पुढे गेली. २००३ साली स्थापन झालेल्या टेस्ला कंपनीने निकेलच्या बॅटरीचा नाद सोडून लॅपटॉपमध्ये वापरले जाणारे लिथियमचे छोटे सेल हजारोंनी जोडले आणि २००८मध्ये आपली पहिली मोटार ग्राहकांना दिली. एक्झॉनच्या प्रयोगशाळेत सुरू झालेले तंत्रज्ञान ऑक्सफर्ड आणि जपान असा प्रवास करून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या मार्गाने पुन्हा मोटारीत शिरले. दरम्यान बॅटरी बनवण्याचे कौशल्य आशियात स्थिरावले होते. जगातील विद्युत मोटारींच्या बॅटऱ्यांचा सर्वांत मोठा हिस्सा आज चीनमध्ये बनतो.

मायलेजच्या नियमांवरील लढाई

विद्युत मोटारीइतकाच महत्त्वाचा प्रश्न पेट्रोलवरच्या मोटारींच्या मायलेजचा आहे. १९७५ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून मोटारींचे सरासरी मायलेज दहा वर्षांत दुप्पट करण्याचे ठरवले. १९८५चे उद्दिष्ट गॅलनला साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटर होते. तेल स्वस्त होताच १९८६च्या गाड्यांसाठी ते २६ मैलांवर आणले गेले. १९९० साली पुन्हा २७.५वर आलेला हा आकडा २०१०पर्यंत तसाच राहिला. वीस वर्षे उद्दिष्ट जागचे हलले नाही, यामागे प्रामुख्याने मोटार कंपन्यांचा दबाव आणि स्वस्त पेट्रोल ही कारणे होती.

पुढच्या फेरीत तेल उद्योगाची भूमिका अधिक ठळक झाली. ओबामा सरकारने २०१२ साली सरासरी मायलेज २०२५पर्यंत गॅलनला ५४.५ मैलांपर्यंत नेण्याचा नियम केला. ट्रम्प सरकारने २०१८मध्ये तो २०२०च्या पातळीवर गोठवण्याचा प्रस्ताव मांडला. या बदलामुळे देशाचा तेलाचा खप दिवसाला सुमारे पाच लाख पिंपांनी वाढेल, असा अंदाज खुद्द सरकारनेच वर्तवला होता. हे तेल कोण विकणार, हे सांगण्याची गरज नव्हती. डिसेंबर २०१८मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार, मॅरेथॉन पेट्रोलियम या मोठ्या तेलशुद्धीकरण कंपनीने हा नियम शिथिल व्हावा म्हणून पडद्याआडून मोहीम चालवली होती. काही लोकप्रतिनिधींनी वाहतूक खात्याला लिहिलेल्या पत्रांतील मजकूर कंपनीने फिरवलेल्या मसुद्याशी जुळत होता, असे त्यात दाखवून दिले होते.

येथे मोटार कंपन्या आणि तेलकंपन्या यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मोटार कंपन्यांना नियमात सवलत हवी होती, परंतु तो पार गोठवला जाऊन कॅलिफोर्निया आणि उर्वरित देश यांच्यासाठी दोन वेगळ्या गाड्या बनवण्याची वेळ यावी, असे त्यांना वाटत नव्हते. जुलै २०१९मध्ये फोर्ड, होंडा, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन यांनी कॅलिफोर्नियाशी स्वतंत्र समझोता केला. २०२०च्या अंतिम नियमात मायलेज दरवर्षी सुमारे दीड टक्क्याने वाढवण्याचे ठरले, पूर्वीच्या नियमात हा वेग साधारण पाच टक्के होता.

पूर्वी आडून चाललेली ही लढाई आता न्यायालयात उघडपणे चालते. इंधन उत्पादकांनी कॅलिफोर्नियाच्या वाहन नियमांना आव्हान दिले होते. या नियमांमुळे पेट्रोल कमी विकले जाईल आणि आपले नुकसान होईल, हाच त्यांचा आधार होता. २० जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने असा दावा दाखल करण्याचा त्यांना अधिकार असल्याचे मान्य केले. त्यापूर्वी आठवडाभर आधीच काँग्रेसचा ठराव आणि राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी यांद्वारे कॅलिफोर्नियाची परवानगी रद्द करण्यात आली होती. जुलै २०२५च्या कायद्याने विद्युत मोटारीच्या खरेदीवरील करसवलत ३० सप्टेंबरपासून संपुष्टात आणली आणि मायलेजचा नियम मोडल्याबद्दलचा दंड शून्यावर आणला.

प्रभावाचे खरे स्वरूप

या सर्व घटना एकत्र ठेवून पाहिल्या, तर तेल उद्योगाच्या प्रभावाची तीन साधने दिसतात. संशोधनाचा पैसा आणि पेटंट यांवरील नियंत्रण हे पहिले. नियम करणाऱ्यांवरील दबाव हे दुसरे. तिसरे साधन म्हणजे स्वस्त तेल, ज्यावर कोणत्याही एका कंपनीचा ताबा नसतो. पण तेच सर्वांत परिणामकारक ठरले आहे. या साधनांनी विद्युत मोटार कायमची थांबवता आली नाही, तिला उशीर मात्र झाला. उशिराची किंमत शहरांच्या हवेने, तेल आयात करणाऱ्या देशांच्या तिजोरीने आणि आघाडी गमावलेल्या उद्योगांनी मोजली.

तेलकंपन्याही आता दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभ्या आहेत. शेलने २०१७मध्ये आणि बीपीने २०१८मध्ये चार्जिंगचे जाळे असलेल्या कंपन्या विकत घेतल्या. ज्या एक्झॉनने लिथियमची बॅटरी सोडून दिली, तिनेच २०२३ साली अर्कान्सासच्या भूगर्भातील खाऱ्या पाण्यातून लिथियम काढण्याची योजना जाहीर केली. याचा अर्थ त्यांनी तेल सोडले असा होत नाही. भाव बदलला की निर्णयही बदलतात, हे १९८०च्या दशकाने दाखवून दिले आहे.

भारताचे चित्र वेगळे असले, तरी प्रश्न तेच आहेत. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. पेट्रोल पंपांचा मोठा हिस्सा सरकारी कंपन्यांच्या हाती आहे आणि याच कंपन्यांना मार्च २०२३मध्ये ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. म्हणजे पेट्रोल विकणारा आणि त्याला पर्याय उभारणारा एकच आहे. शिवाय पेट्रोलवरील कर हा केंद्राच्या आणि राज्यांच्या उत्पन्नाचा भक्कम आधार असतो. गोव्यात २०१२ साली पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर वीस टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला गेला, तेव्हा लिटरमागे सुमारे अकरा रुपयांचा फरक पडला होता. करातील एका निर्णयाने भाव किती हलतो, हे गोमंतकीय वाचकांनी स्वतः अनुभवले आहे. त्यानंतर तो कर पुन्हा वाढवण्यात आला, यावरून राज्याची तिजोरी पेट्रोलमध्ये किती गुंतलेली असते हेही स्पष्ट होते.

म्हणूनच विद्युत वाहनांविषयी एखादी घोषणा झाली किंवा एखादी सवलत मागे घेतली गेली, तर तिजोरीत लपवलेल्या कार्ब्युरेटरचा शोध घेण्यापेक्षा साधे प्रश्न विचारणे अधिक उपयोगी ठरेल. तंत्रज्ञानाची मालकी कोणाकडे आहे? नियम बदलण्याची मागणी कोणाच्या पैशावर उभी आहे? आणि तेल उद्या स्वस्त झाले, तर आज दिलेले वचन पाळण्याचे बंधन कोणावर आहे? या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा सार्वजनिक कागदपत्रांत मिळतात. ती मागण्याचा अधिकार आणि वाचण्याची चिकाटी नागरिकांकडे असावी लागते.